न विचारता उघडलेली वेस

एका राज्यात, ज्याला नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नाही अशा एका राज्यात, राजाला आपल्याच नगरात शिरायला परवानगी मागावी लागत असे. थट्टा नव्हे, रीतच होती तशी. राजा स्वारीहून येवो, शिकारीहून येवो, नाहीतर सासुरवाडीचा पाहुणचार झोडून येवो, वेशीपाशी त्यानं घोड्यावरून उतरायचं, जोडे काढायचे आणि बंद दारासमोर उभं राहायचं. मग आतून वेसकरीण तीन प्रश्न विचारी. तू कोण? मागच्या खेपेपासून तुझं काय चुकलं? आत येऊन तू काय करणार नाहीस? वेशीत राजाला 'तू'च म्हणायचं. आणि पहिल्या प्रश्नाला 'राजा' हे उत्तर चालत नसे, स्वतःचं आणि आईचं नाव सांगावं लागे.

उत्तरं पटली तर दार उघडे. नाही पटली तर वेसकरीण म्हणे, "उद्या ये." मग राजा समोरच्या चिंचेखाली दगडावर बसून राही. मागं एका राजाला असे एकोणीस दिवस काढावे लागले होते. त्याच्या बसण्याचा खळगा त्या दगडाला पडला, आणि पोरं त्यात चिंचोके खेळत.

वेसकरपण गोजराच्या घरात सात पिढ्यांचं. गोजरा चाळिशीची, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. नवरा मागेच वारला होता. घरात ती आणि तिची मुलगी रंगू, दोघीच. रंगू कणीक मळताना इतक्या मोठ्यानं गाई की शेजारची म्हातारी भिंतीवर लाटणं आपटी, आणि मग दोघींचं भांडण जेवणवेळेपर्यंत चाले. ते भांडण कानावर पडल्याशिवाय गोजराला घास गोड लागत नसे.

राजाचं नाव धवलसेन. ऐकणाऱ्याला वाटेल, हा कुणी दुष्ट असणार. तसं अजिबात नाही. राजा चांगला होता, आणि सगळं बिनसलं ते त्या चांगुलपणापायीच.

झालं असं की लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही. विहिरींचे तळ उघडे पडले, रंगूच्या ओठांना भेगा गेल्या. डोंगरापलीकडे एक नदी होती, ती कुठल्याशा जुन्या रागानं उलट्या अंगाला वाहत असे. राजा तिची समजूत काढायला गेला. नदी म्हणाली, वाट करशील तर येईन. राजानं दोन वर्षं स्वतःच्या खांद्यावरून दगड वाहून वाट केली. मग तो पुढे आणि नदी मागे, असे दोघे नगराकडे निघाले.

वेशीपाशी राजा घोड्यावरून उतरला. त्यानं जोडे काढले आणि उभा राहिला. रीत त्यानं मोडली नाही. मोडली ती गोजरानं. दाराच्या फटीतून तिला राजाचे सोललेले खांदे दिसले, त्याच्या पाठीमागे शहाण्या गाईसारखी उभी असलेली नदी दिसली, आणि तिला रडू फुटलं. मागून लोक ओरडत होते की बाई, उघड, आपल्या राजाला काय विचारायचंय? गोजरानं कडी काढली आणि म्हणाली, "महाराज, तुम्हाला काय विचारायचं? या." राजा किंचित घुटमळला. मग हसून आत आला. त्या दिवशी घरोघर गुळाच्या पोळ्या झाल्या.

दुसऱ्या सकाळी लोक उठले, तर नगरात एकही दार नव्हतं.

वेशीचं नव्हतं, घरांचं नव्हतं, देवळाचं नव्हतं, कोंबड्यांच्या खुराड्याचंही नव्हतं. डब्यांची झाकणं बसेनात. पेट्या मिटेनात. पडदा टांगला तर गळून पडे. सुतारानं घाईघाईनं एक नवं दार केलं आणि चौकटीत बसवलं, तर ते बिजागऱ्यांतून उतरलं आणि डोंगराकडे चालू लागलं. सुतार हातात पटाशी घेऊन थोडं अंतर त्याच्यामागे गेला, मग परत आला.

राजाला फार वाईट वाटलं. त्यानं गल्लोगल्ली पहारे बसवले, आणि चोऱ्या अशा थांबल्या की रस्त्यात पडलेली अंगठी महिनाभर तिथंच पडून राही. लोक म्हणू लागले, चोरच नाहीत तर दारं हवीत कशाला? राजा स्वतः घराघरात जाऊन विचारपूस करू लागला. दार नाही, तेव्हा ठोठावणार कशावर? सरळ आत येई. आजाऱ्याला औषध देई, भावाभावांचे वाद मिटवी, पोरांना मांडीवर घेई. एकदा एका घरी आमटी चाखून म्हणाला, मीठ किंचित कमी हवं. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या नगरात आमटी अळणी झाली.

वाईट म्हणावं असं काहीच घडत नव्हतं. पण नवराबायको भांडेनात. म्हातारे कुरकुर करेनात. जो तो असा बोलू लागला, जणू उंबऱ्याशी कुणीतरी उभं आहे, आणि खरोखरच पुष्कळदा राजा तिथं उभा असे. काही गोष्टी घरातल्या घरात बोलायच्या असतात, त्यांना जागाच उरली नाही. रंगू आता राजाला आवडणारी एकच चाल गुणगुणत असे, तीही हळू. शेजारणीचं लाटणं फक्त पोळ्या लाटी.

एके दिवशी राजा गोजराच्या घरात आला तेव्हा रंगू चुलीपाशी होती. राजा म्हणाला की पागेवरचा नाईक तरणाताठा आहे, निर्व्यसनी आहे, रंगूला शोभेल. लग्न आम्हीच लावून देऊ, आजपासून नवव्या दिवशी. रंगूनं मान खाली घातली.

"महाराजांची इच्छा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की गोजरानं वळून पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय. राजा गेल्यावर तिनं रंगूला तीनदा विचारलं, तुला हवंय का हे? रंगूनं तीनदा दाराच्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि तीनदा सांगितलं की बरं आहे की. नाईक खरंच बरा होता. रंगूच्या मनात काय होतं, ते मात्र गोजराला कळेना. जिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्या मनातलं एक वाक्य तिला ऐकू येईना. आपणच आपल्या हातानं कडी काढली होती, हे तिला तेव्हा पुरतं उमगलं आणि ती चुलीपाशी बसून रडली.

सकाळी ती वेशीतल्या खिंडारात जाऊन बसली. तिथं तटावर धनेशाची मादी येऊन बसली, मोठ्या पिवळ्या चोचीची. या पाखराची तऱ्हा निराळी. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते, आतून चिखलानं तोंड लिंपून घेते, आणि एवढीशी फट ठेवते. नर त्या फटीतून तिला दाणापाणी भरवतो. पिलं मोठी झाली की ती स्वतःच भिंत फोडून बाहेर येते.

"माझा चिखल धरत नाही," ती म्हणाली. "लिंपला की गळतो. तीनदा अंडी सापानं खाल्ली. दारं कुणी घालवली?"

"मी," गोजरा म्हणाली.

"मग आण."

एवढं बोलून पाखरू उडालं. गोजरानं पदर खोचला, भाकरी बांधून घेतली आणि त्याच्यामागे चालू लागली.

तीन दिवसांची वाट होती. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरावरचं पठार लागलं, आणि त्या पठारावरच्या गवतात नगराची सगळी दारं उभी होती. चौकट नाही, भिंत नाही, नुसती दारं, वाऱ्यानं करकरत. त्यांच्यामधून एक अतिशय म्हातारा माणूस हातात तेलाचं बुधलं घेऊन फिरत होता आणि बिजागऱ्यांना तेल घालत होता. तो मांत्रिक अर्गळनाथ. नगराची वेस पहिल्या राजाला त्यानंच मंत्रून दिली होती.

गोजरानं त्याला दारं परत मागितली. अर्गळनाथानं तिला करार सांगितला. राजा विचारून आत येईल तोवर दारं नगराची. ज्या दिवशी न विचारता येईल, त्या दिवशी नगराला दारं नकोत असं समजून मांत्रिकानं ती घेऊन जायची. गोजरा म्हणाली की चूक माझी एकटीची आहे, शिक्षा साऱ्यांना का? म्हातारा म्हणाला की मागून ओरडणारे किती होते ते आठव. 

"तीन कामं कर," अर्गळनाथ म्हणाला. "पहिलं, यातलं तुझं दार शोध."

हजारो दारं होती. गोजरा दोन दिवस त्यांच्यामधून हिंडली. शेवटी एका दारापाशी थांबली. त्याच्या कडेला सुरीनं पाडलेल्या खाचा होत्या, दर संक्रांतीला एक, रंगूची उंची मोजलेली. खालचा कोपरा त्यांच्या बकरीनं खाल्लेला होता. गोजरानं त्या खाचांवरून हात फिरवला.

अर्गळनाथ मागून आला. हे दार घेऊन जा, म्हणाला. हे तुझ्या चौकटीत टिकेल, परत इकडे चालत येणार नाही. लाव आणि पोरीला काय विचारायचं ते विचार. बाकीची दोन कामं मग करायला नकोत.

गोजरानं दार कवेत घेतलं. उचललंही. लग्नाला तीनच दिवस उरले होते आणि ती एकाच वाक्यासाठी इथवर आली होती. ते वाक्य आता तिच्या हातात होतं. पण मग तिला लाटणं आपटणारी म्हातारी आठवली. साऱ्या नगरात हे एकच दार असेल, आणि ज्याला खरं बोलायचं असेल तो गोजराच्या उंबऱ्यावर येऊन हात जोडील. ज्याला ती आत घेईल तो बोलेल, बाकीचे गप्प. मग राजात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

तिनं दार जागेवर ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "सगळ्यांची द्या, नाहीतर हेही राहू द्या."

"दुसरं काम झालं," म्हातारा म्हणाला.

तिसरं काम त्यानं बिजागरीला तेल घालता घालता सांगितलं. राजा बाहेरून येईल तेव्हा वेशीत उभी राहा आणि राहिलेले तीन प्रश्न विचार. उत्तर तू सांगायचं नाहीस. खोटं उत्तर आलं तर दगड होशील, पायापासून वर. गोजरानं विचारलं की खोटं तो बोलणार आणि दगड मी का? अर्गळनाथ म्हणाला की खोट्याचा भार प्रश्न विचारणाऱ्यावरच पडतो, ही रीत मी काढलेली नाही.

ती परतली तो लग्नाचाच दिवस होता. राजा नवरदेवाला आणायला शिवेवर गेला होता, वाजतगाजत येत होता. वेशीच्या आत सारं नगर तोरणं घेऊन उभं होतं, पिवळी साडी नेसलेली रंगूही होती. गोजरा तशीच धुळीनं माखलेली वेशीतल्या खिंडारात गेली, मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. लाकडाचं दार नव्हतं, तर बाईचं झालं.

वाजंत्री थांबली.

"तू कोण?" गोजरानं विचारलं.

राजा घोड्यावरून प्रेमानं म्हणाला, "गोजराबाई, दमलेल्या दिसता. मी तुमचा राजा."

गोजराची पावलं दगड झाली. तिनं खाली पाहिलं, आणि पुन्हा वर. लोकांत कुजबुज उठली की बाईला वेड लागलं, लग्नाच्या दिवशी अपशकुन करते. एक भालदार तिला बाजूला ओढायला पुढे झाला, पण ती हलेना, जमिनीचाच भाग झाली होती. राजानं भालदाराला मागे बोलावलं. मग तो खाली उतरला आणि त्यानं जोडे काढले.

"धवलसेन," तो म्हणाला. "कमळजेचा मुलगा."

"मागच्या खेपेपासून तुझं काय चुकलं?"

राजा विचारात पडला. त्यानं खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाला, "काही नाही." तो मनापासून बोलला होता, तरी दगड गोजराच्या गुडघ्यांवर चढला. राजा घाबरला. तिला वाचवायला त्यानं लोकांकडे वळून विचारलं की सांगा, माझं काय चुकलं? लोक एका सुरात म्हणाले, काही नाही महाराज. दगड कमरेवर आला. सुतार म्हणाला, काही नाही. दगड बरगड्यांवर आला. म्हातारी शेजारीण म्हणाली, आपण तर देव आहात, आणि गोजराचे पसरलेले हात पसरलेलेच राहिले.

तेव्हा राजाला राग आला. चांगल्या माणसाला येतो तसला राग, दुखावलेला.

"मी नदी आणली," तो म्हणाला. "चोऱ्या थांबवल्या. कुणाला उपाशी झोपू दिलं नाही. मी काय वाईट राजा आहे?"

"नाहीस," गोजरा म्हणाली. छाती दगडाची झाली होती, शब्द कष्टानं निघत होते. "वाईट राजा आला तर सगळं नगर काठ्या घेऊन वेशीत उभं राहतं. वेसकरीण चांगल्या राजासाठीच लागते. मी तुला ओवाळीन, तुझ्यासाठी जीव देईन. पण उत्तर दिल्याशिवाय आत सोडणार नाही. माझा दगड झाला तर दगड ओलांडून जा."

दगड गळ्याशी आला होता.  मग तोरणांच्या मागून आवाज आला, आणि तो बारीक नव्हता.

"महाराज, माझं लग्न तुम्ही ठरवलंत," रंगू म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही."

दगड जागीच थांबला.

राजानं तिच्याकडे पाहिलं. तू तर हो म्हणालीस, तो म्हणाला. रंगू म्हणाली की मी हो म्हटलं नाही, तुमची इच्छा म्हटलं, आणि दुसरं काही म्हणायला आमच्या घरात जागा नव्हती. तिची मान वर होती. दगड गोजराच्या खांद्यांवरून उतरला. तेवढ्यात म्हातारी शेजारीण घसा खाकरून म्हणाली की मला आमटी खारटच लागते, जन्मभर खारट खाल्ली, आता वर्ष झालं घास उतरत नाही. मग भावाभावांतला एक म्हणाला की तुम्ही आमचा वाद मिटवला, पण बांध माझा होता. मग एक बाई बोलली, मग नवरदेवच बोलला की मलाही कुणी विचारलेलं नाही. बोलणाऱ्यांची रीघ लागली. राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला, आणि एवढं त्याच्या पदरात घातलंच पाहिजे.

"मी सगळ्यांची काळजी घेतली आणि कुणालाच विचारलं नाही," तो म्हणाला. "हे माझं चुकलं."

दगड गुडघ्यांखाली गेला.

"आत येऊन तू काय करणार नाहीस?"

"बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. आणि कुणी नाही म्हटलं तर कारण विचारणार नाही."

गोजराची पावलं मोकळी झाली. तिनं ती आपटून मुंग्या झटकल्या. लोकांना वाटलं, आता ती बाजूला होईल. वाजंत्र्यांनी सनया तोंडाला लावल्याही.

"उद्या ये," गोजरा म्हणाली.

 राजानं तिच्याकडे पाहिलं, मग जोडे उचलले, चिंचेपाशी गेला आणि जुन्या राजाच्या खळग्यात बसला. तेवढ्यात डोंगराकडे धूळ उठली. दारं येत होती. एकेक दार लोकांमधून वाट काढत आपापल्या गल्लीत शिरलं आणि आपल्या चौकटीत जाऊन बसलं. खुराड्याचं दार धावत होतं, कारण ते लहान होतं. सगळ्यांत शेवटी वेशीचं दार आलं. गोजरानं ते राजाच्या समोर लावलं आणि कडी घातली. बाहेर राजा हसला की रडला ते दारामुळे कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो विचारून आत आला. धनेशाच्या मादीचा चिखल पहिल्याच दिवशी धरला.

पण त्याच्या आधी, दारं आली त्याच संध्याकाळी, गोजरा धावत घरी गेली. दार चौकटीत होतं, खाचांसकट, बकरीनं खाल्लेल्या कोपऱ्यासकट. ते आतून लावून मुलीशी दोन शब्द बोलायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती उंबऱ्याशी पोचली, तर रंगू आत होती आणि दार बंद होतं. गोजरानं ढकलायला हात उचलला. मग तो खाली घेतला आणि बोटानं हळूच टकटक केलं.

"रंगू, आत येऊ?"



"नाही," आतून आवाज आला. "मला विचार करू दे."

गोजरा पायरीवर टेकली. तिचे पाय अजून जड होते, अंगावर तीन दिवसांची धूळ होती, पोटात भूक होती. आणि इतकं सुख तिला जन्मात झालं नव्हतं. आत कणीक मळायचा आवाज सुरू झाला, मग रंगू गाऊ लागली, कुणाच्याही आवडीची नसलेली एक चाल, गळा फाडून. पलीकडून भिंतीवर लाटणं आपटलं.

रंगूनं नाइकाला होकार दिला की नकार, ते तिनं आत ठरवलं. गोष्ट सांगणाऱ्यानंही दाराबाहेरच थांबायचं असतं.